बास्केटबॉलपटू स्टीफन करीचा २०१५-१६ चा सीझन एवढा खास का मानतात?

कारण त्या वर्षी त्याने स्वतःचाच विक्रम नुसता मोडला नाही, पार मागे टाकला. आदल्या सीझनला त्याचे २८६ थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले, तीन गुणांचे बास्केट) झाले होते, तोच एनबीएचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा उच्चांक. २०१५-१६ मध्ये थेट ४०२! सामने फक्त ७९. सरासरी ३०.१ गुण, तेही सामन्यामागे जेमतेम ३४ मिनिटं खेळून. त्याचा संघ, गोल्डन स्टेट वॉरियर्स, इतका पुढे असायचा की चौथ्या क्वार्टरला तो बऱ्याचदा बाकावरच बसलेला दिसे.

एकच सामना बघायचा असेल तर २७ फेब्रुवारी २०१६ चा बघा, ओक्लाहोमा सिटीतला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये घोटा दुखावून करी आत गेला आणि परत आला. ओव्हरटाइम, ११८-११८, शेवटचे काही सेकंद. तो चेंडू घेऊन हाफकोर्ट ओलांडतो, रेषेच्या जवळही जात नाही, साधारण ३७ फुटांवरून उडवतो. थ्रीची रेषा समोरून पावणेचोवीस फुटांवर असते, यावरून अंदाज घ्या. हा त्याचा त्या रात्रीचा बारावा थ्री. १२१-११८, सामना खिशात.

संघाने ७३ जिंकले, ९ हरले; शिकागो बुल्सचा ७२-१० चा विक्रम मागे पडला. एमव्हीपी म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी पहिल्या पसंतीची सगळी १३१ मतं करीला, हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

फायनलमध्ये ३-१ ने पुढे असूनही ते क्लीव्हलंडकडून हरले. ते अजून सलतं. पण नियमित सीझनमध्ये इतका सुंदर बास्केटबॉल मी तरी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.