जुलाब थांबले, पण रक्त पडतंय

प्रश्न: डॉक्टर, उन्हाळ्यात लग्नाचं जेवून आल्यावर माझ्या लेकाला (वय २४) ताप आणि जोरदार जुलाब झाले. बरा झाला, पण दोन महिने झाले तरी तर्री पोहे खाल्ले की संडासला पळतो, आता तर रक्त आणि आव पण पडते. सगळे म्हणतात उष्णता आहे. इन्फेक्शनमुळे आतड्याचा कायमचा आजार होतो का?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर: ताई, रक्त पडतंय ना, मग सब्जा आणि ताकावर दिवस काढू नका, याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर अशा जंतूंचं इन्फेक्शन झालेल्यांमध्ये पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याला कायमची सूज आणणाऱ्या आजारांचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, पण बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. ज्यांच्यात मुळातच तशी प्रवृत्ती असते त्यांची प्रतिकारशक्ती जंतू गेल्यावरही आतड्याशी भांडत राहते, असं मानलं जातं, आणि काहींना आजार आधीच असतो, इन्फेक्शनच्या निमित्ताने फक्त लक्षात येतो.

आपल्याकडे मला खरी काळजी वेगळीच वाटते. अमिबा आणि आतड्याचा टीबी हुबेहूब असेच दिसतात, आणि त्यात कोलायटिस समजून चुकून स्टेरॉइड (सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून शौचाची तपासणी, कॅलप्रोटेक्टिन (शौचातून आतड्याची सूज कळणारी तपासणी), मग दुर्बिणीने बघून आतड्याचा तुकडा तपासायचा, त्याआधी औषधाची घाई नको. अँटिबायोटिक घेतलं होतं का ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्यानंतर सी. डिफिसिल नावाचा जंतू वाढू शकतो. आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका. ताप, चक्कर किंवा खूप रक्त असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा.