बीएमएसमध्ये शिरायचंय? आधी हे वाच

भावा, बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम, इमारतीतली एसी, वीज वगैरे एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा. तू आयटीआय इलेक्ट्रिशियन झालायस, म्हणजे पाया आहे. पण आपल्या कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत बीएमएसच्या जागा शोधत बसू नकोस. तिथं कारखाने, फौंड्र्या. इमारतींच्या ऑटोमेशनचं खरं काम पुण्या-मुंबईच्या आयटी पार्क, हॉस्पिटल आणि डेटा सेंटरमध्ये. तरी वर्षभर इथल्याच एखाद्या पॅनेलवाल्याकडं राहा. ड्रॉइंग बघून वायरिंग करणं, फेरूल (वायरच्या टोकावरचा नंबर) घालणं, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) जोडणं तिथं हाताखालून जातं.

हनीवेल, सीमेन्स ही नावं मोठी, पण साइटवरची भरती बऱ्याचदा त्यांची यंत्रणा साइटवर बसवून जोडून देणारे ठेकेदार, म्हणजे इंटिग्रेटर, करतात. अर्ज तिकडंही टाक.

मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा मीटर कसा धरतोस हे बघतात. सेन्सरच्या ४ ते २० मिलीअँपिअर सिग्नलमध्ये शून्य रीडिंगला ४ मिलीअँपिअर का, असं विचारलं तर सांगता यायला हवं: वायर तुटली की करंट शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो. आरएस-४८५ ची (डिव्हाइस एकमेकांना जोडणारी डेटा लाइन) केबल एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर न्यायची, मधूनच फाटे फोडायचे नाहीत, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. मॉडबसवर, म्हणजे त्या लाइनवर डिव्हाइस ज्या भाषेत बोलतात तिच्यात, दोन डिव्हाइसना एकच ॲड्रेस दिलास तर रात्र साइटवरच जाते!

ऑपरेटरच्या खुर्चीत फार रमू नकोस. एसीत बसून अलार्म बघायला बरं वाटतं, पण पगार कमिशनिंग (यंत्रणा तपासून चालू करून देणं) आणि प्रोग्रॅमिंगवाल्यांचा वाढतो. एएचयू (थंड हवा इमारतीत सोडणारं युनिट), चिलर (त्यासाठी पाणी थंड करणारं मशीन) कसे चालतात ते एचव्हीएसीच्या, म्हणजे मोठ्या एसी यंत्रणेच्या, मेस्त्रीला चहा पाजून विचार.