कोन गेला की नुसती कड गेली?

प्रश्न : माझा स्टीरिओ सेट वीसेक वर्षांपूर्वीचा आहे. अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला प्रत्येक बाजूला ४० वॉट देणारा, अजून ठणठणीत. पण उजव्या स्पीकरचा वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा भाग, आवाज जरा वाढवला की खरखरतो. जाळी काढून पाहिलं तर कोनाभोवतीच्या, म्हणजे हलणाऱ्या निमुळत्या पडद्याभोवतीच्या, कडेचा बोट लावताच भुगा होतो, डावीकडची कडही तडकली आहे. नवी जोडी घ्यायची तर पैसे बेताचेच आहेत. खोली १० बाय १२ फूट, ऐकणं बहुतेक गाण्यांचं. उभे टॉवर घेऊ की लहान बुकशेल्फ? आणि किती वॉटचे?

उत्तर : जाळी काढून बघायची तसदी घेणारे वाचक थोडेच, त्यामुळे अर्धं निदान तुम्हीच केलंय. तुमच्या वर्णनात नवे स्पीकर घ्यायला भाग पाडेल असं काही मला अजून दिसलेलं नाही.

भुगा होतोय तो पॉलियुरेथेन फोम. स्पीकर वाजवा की झाकून ठेवा, हवा आणि ओलावा त्याला खातातच, आणि बहुतेक फोमच्या कडा दहा ते वीस वर्षांत संपतात. रबरी कड याहून कितीतरी जास्त टिकते. कड गेली की कोन मधोमध राहत नाही आणि मागची व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) मॅग्नेटच्या फटीत घासायला लागते. तुमची खरखर बहुधा हीच. पण आधी खात्री करा. अ‍ॅम्प बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. खरखर डावीकडे गेली तर दोष स्पीकरचा नाही, अ‍ॅम्पचा किंवा त्यामागच्या जोडणीचा.

खरखर जागची हलली नाही तर मधल्या टोपीभोवती चारी बाजूंनी बोटं टेकवून कोन अगदी हलक्या हाताने, सरळ आत दाबा. दोन-तीन मिलिमीटर पुरे. काहीच घासल्याचं ऐकू आलं नाही तर कॉइल शाबूत. मग वूफरची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा वूफर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, आणि तेव्हा खाली लिहिलंय ते तुमच्या कामाचं.

कॉइल चांगली असेल तर नुसती कड बदला. वूफरच्या मापाच्या कडा सुट्या मिळतात. मागवताना फक्त ‘आठ इंची’ म्हणू नका. कोनाचा व्यास, फुगीर वळीची रुंदी आणि बाहेरच्या पट्टीचा व्यास, तिन्ही मोजून कळवा. खरा वेळ जातो तो जुना गोंद खरवडण्यात. मी हे काम करायला बसले की नवी कड चिकटवायला फार वेळ लागत नाही, पण खरवडण्यात दुपार जाते. तिथे घाई केली तर कड वाकडी बसते आणि घासणं पुन्हा सुरू. गोंद ओला असतानाच अगदी हळू आवाजात ३० हर्ट्झचा स्वर वाजवून कोन मध्यावर आहे ना ते कानाने पाहा, मग दिवसभर हात लावू नका. आणि दोन्ही बाजूंच्या कडा एकदमच बदला. एक कोरी आणि एक तडकलेली, अशा जोडीचा खर्ज कधीच जुळत नाही.

‘त्याच मापाचा दुसरा वूफर बसवून टाकतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून निघा. वूफर, पेटीचं घनफळ आणि क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणारं सर्किट) एकमेकांचा हिशेब धरून ठरवलेले असतात. हा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडला आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वाढवला. भोकात बसला म्हणजे जमला, असं होत नाही.

आता कॉइलच गेली असेल तर. बुकशेल्फ घ्या. तेवढ्याच पैशांच्या टॉवरमध्ये लाकडावर आणि जास्तीच्या ड्रायव्हरवर (पेटीतल्या वूफरसारख्या आवाज काढणाऱ्या भागांवर) खर्च होतो, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर स्वस्तातला. शिवाय १२ फुटांची खोली ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर आपणहून फुगवते. टॉवर त्यात भर घालेल आणि गायकाचा आवाज त्या घुमण्याखाली दबेल. अगदी खर्जातल्या पुरुषी आवाजाचा मूळ स्वरही ८० हर्ट्झच्या फारसा खाली जात नाही. साडेसहा इंची वूफर तो आरामात पेलतो.

वॉट विचारलेत. स्पीकरवर छापलेले वॉट तो किती सोसेल ते सांगतात, किती वाजेल ते नव्हे. तुम्ही सेन्सिटिव्हिटी बघा : २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जेवढी ताकद लागते, त्याच्या दुप्पट ८५ वाल्याला लागते. आहे तोच अ‍ॅम्प ठेवायचाय, म्हणून हे तीन डेसिबल फुकटात मिळालेली ताकद समजा. ओहम ६ किंवा ८ असू द्या. ४ ओहमचा स्पीकर अ‍ॅम्पच्या मागे तशी परवानगी छापली असेल तरच. आणि आवाज फाटायला लागला की लगेच कमी करा. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) जळण्यामागे बऱ्याचदा ताणलेला लहान अ‍ॅम्प असतो.

वापरलेली जोडी घ्यायला मी कधीच नाही म्हणत नाही, फक्त रबरी कडेची बघा. टोपीला पोचा असेल तर घासाघीस करा, आवाजात फारसा फरक पडत नाही. ऐकताना एकट्या गायकाचं, ओळखीचं रेकॉर्डिंग न्या आणि अ‍ॅम्प मोनोवर ठेवा, म्हणजे दोन्ही पेट्यांतून एकच आवाज येतो. आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधून यायला हवा. एका बाजूला सरकला तर दोन्ही ट्वीटरना कान लावा, बहुधा दुसऱ्या बाजूचा मुका असेल. विकणारा ‘खोलीमुळे तसं वाटतं’ म्हणाला तर पेट्यांच्या जागा बदलायला सांगा. आवाजही बाजू बदलून गेला की खोली निर्दोष.

घरी आणल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला, पेटी भिंतीपासून निदान फूटभर पुढे. खर्ज पातळ वाटला तर आधी एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागली नाही ना ते पाहा.

प्रश्न : स्पीकरपेक्षा केबलवर खर्च करा, असं मला सांगण्यात आलं. खरं का?

उत्तर : नाही. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर टाकली तर जाऊन-येऊन अवरोध ०.१२ ओहमच्या आसपास होतो. ८ ओहमपुढे तो किरकोळ. दहा-बारा मीटर लांब न्यायची असेल तर अडीचची घ्या. टोकं नीट सोलून घट्ट आवळा आणि एकही तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना ते बघा.

प्रश्न : एकच स्पीकर जळालाय. दुसऱ्या कंपनीचा एक आणून जोडी केली तर चालेल?

उत्तर : बातम्या ऐकायला चालेल. गाण्यात मात्र प्रत्येक स्वर वेगवेगळ्या जागेवरून येईल, कारण दोन्ही पेट्यांचा कल निराळा. त्यापेक्षा उरलेल्या एकट्यावर मोनो ऐका आणि त्याच मॉडेलचा वापरलेला जोडीदार मिळतोय का ते शोधत राहा. मात्र डावं-उजवं एकत्र करायला अ‍ॅम्पवरचं मोनो बटण वापरा. दोन्ही चॅनेलच्या स्पीकर वायरी एकत्र पिळून एकाच पेटीला लावल्यात तर अ‍ॅम्पही जाईल.