कात्रीला काय म्हणतात तेच आठवेना

"मॅडम, माझ्या डोक्याचं काहीतरी बिघडलंय," खुर्चीत नीट बसायच्या आधीच ती म्हणाली. वय 48, ऑफिसात हिशेबाचं काम. पर्समधून छोटी वही काढून माझ्यासमोर ठेवली, त्यात काय काय विसरलं ते तारखेनिशी लिहिलेलं. एका पानावर एकच शब्द, 'कात्री'. मुलीला म्हणत होती ते दे ना गं, ते कापायचं, आणि शब्द काही केल्या येईना, मुलगी हसली आणि ही बाथरूममध्ये जाऊन रडली. आईला म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे आपलंही तेच सुरू झालं असं तिने मनाशी धरूनच टाकलेलं.

मी वही वाचत होते तेवढ्यात तिने स्वेटर काढला, पाच मिनिटांनी परत घातला, परत काढला. गळा लालबुंद. झोप कशी लागते विचारलं तर म्हणे लागते हो, पण तीनला जाग येते, गाऊन घामाने पाठीला चिकटलेला असतो, तो बदलते आणि मग पहाटेपर्यंत टक्क जागी. कधीपासून? वर्ष झालं असेल. आणि पाळी? कधी महिन्यात दोनदा, कधी अडीच महिने पत्ताच नाही, आली की भरपूर. यातलं एक अक्षर वहीत नव्हतं, कारण तिच्या लेखी ते वेगळं आणि डोकं वेगळं.

इथेच खूप जणींची गल्लत होते आणि त्या एकट्याच घाबरत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणायचं, पण त्याच्या आधीची काही वर्षं हार्मोन्स नुसती कमी होत नाहीत, वरखाली होतात, आणि त्रास बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतो. इस्ट्रोजेन या बायकांच्या मुख्य हार्मोनचं काम फक्त गर्भाशयात नसतं, मेंदू, हाडं, सांधे, लघवीची पिशवी सगळीकडे असतं. ते वरखाली झालं की शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र हळवं होतं, अंग जरासं तापलं की दरदरून घाम, की झोप मोडली, आणि वर्षभर अशी तुटक झोप झाल्यावर शब्द जिभेवर येऊन अडणारच. बहुतेकींचं हे पुढे सुधारतं. रोजचा रस्ता चुकायला लागला, नेहमीचं काम कसं करायचं तेच कळेना, तर मात्र न थांबता दाखवायचं. हिचे हिशेब अजून चोख होते, फक्त प्रत्येक बेरीज दोनदा तपासत होती.

तरी मी डॉक्टर नाही, 'हार्मोन्सचंच असेल' म्हणून मी कुणालाच घरी पाठवत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 बघून घ्या म्हटलं, आणि हिमोग्लोबिन 9 निघालं, बरंच कमी. म्हणजे थकव्याचं एक कारण तिथेच सापडलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जास्त रक्तस्रावासाठी सोनोग्राफी केली, हार्मोन थेरपीचं, म्हणजे कमी पडणारी हार्मोन्स औषधातून देण्याचंही बोलले. त्यावर ही परत माझ्याकडे, त्याने कॅन्सर होतो ना? ही भीती बरीचशी 2002 साली आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासापासूनची, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं 63, म्हणजे हिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी जास्त. आता साठीच्या आत किंवा पाळी जाऊन 10 वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर निरोगी बाईला सहसा जोखमीपेक्षा फायदा जास्त असं मानतात, पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर हिशेब वेगळा. तिने विचार करून तूर्त नको म्हटलं, तेही ठीकच.

माझ्याकडून दोनच गोष्टी. वहीत विसरलेलं लिहायचं बंद, रात्रीची जाग लिहायची. आणि तीनला जाग आली की घड्याळ बघायचं नाही, झोप येत नसेल तर उठून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. दीड महिन्याने जाग येतच होती पण ती परत झोपत होती.

सहाव्या भेटीत उठता उठता म्हणाली, "मिस्टर वर्षभर दुसऱ्या खोलीत झोपतायत, त्यांना वाटतं मी रागाने पांघरूण फेकते. पुढच्या वेळी त्यांना आणू का?"