पिंक फ्लॉइडचा संग्रह सुरू करताय? आधी एवढं बघा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या तबकड्या आणि वस्तू जमवायच्या म्हणताय? अरे वा, मस्त! फक्त सुरुवातीलाच बँडच्या कलाकारांच्या सह्यांच्या मागे धावू नका. नकली सह्यांचा सुळसुळाट आहे, आणि त्या ओळखायला नजर तयार व्हावी लागते. आधी एकच अल्बम धरा. उदाहरणार्थ, 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या १९७३च्या पहिल्या ब्रिटिश आवृत्तीत तबकडीच्या लेबलवर भरीव निळा त्रिकोण असतो. नंतरच्या आवृत्त्यांत त्याची नुसती बाह्यरेषा. सोबत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते. ते आहेत का, हे पैसे देण्याआधी विचाराच.

- तबकड्या उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका.
- पोस्टरला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको.
- पावसाळ्यात कपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल हवंच.

तबकडीवर कोरलेल्या आकड्यांवरून आवृत्ती ओळखणं वगैरे पुढे शिकालच. पहिली खरेदी ठरली की घेण्याआधी मला दाखवा, आपण मिळून तपासू.