लिनक्स अपडेट केल्यावर ॲपइमेज उघडतच नाही, फॉरमॅट मारू का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं. गिरगावात डीटीपीचं दुकान, गणपती मंडळाचा अहवाल अर्धवट, उबंटू (तुमचं लिनक्स) २०.०४ वरून पायरीपायरीने २४.०४ वर गेलात, आणि आता डिझाइनच्या प्रोग्रामची ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी, अख्खा प्रोग्राम पोटात असलेली एकच फाइल) क्लिक केली की कर्सर जरा गरगरतो आणि गप्प होतो. भाचा म्हणतोय फॉरमॅट मारू.

भाच्याला चहा पाजा, पेन ड्राइव्ह देऊ नका. खोलीची किल्ली हरवली म्हणून कोणी चाळ पाडत नाही. (सीझनच्या तोंडावर एवढं मोठं अपग्रेड का केलंत, हे मात्र विचारावंसं वाटतं.)

आयकॉनवरून सुरू केलेला प्रोग्राम बंद पडताना त्याचं कारण लिहितो, पण ते आपल्याला दिसत नाही. म्हणून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, ॲपइमेजची फाइल ओढून त्यात सोडा आणि एंटर दाबा. येणाऱ्या शेवटच्या चार ओळींत बहुतेक वेळा उत्तर असतं.

माझा अंदाज, तुमच्याकडे ‘लिबफ्यूज’ सापडत नाही अशी ओळ येईल. जुन्या धाटणीची ॲपइमेज चालताना स्वतःला एखाद्या डिस्कसारखी माउंट करते, म्हणजे सिस्टमला जोडून घेते, आणि त्यासाठी तिला फ्यूज या जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती लागते. २२.०४ पासून उबंटू ती आपणहून देत नाही, तिसरी देतं. सिनॅप्टिकमध्ये (पॅकेजेस शोधून इन्स्टॉल करायचा प्रोग्राम) ‘लिबफ्यूज२’ शोधा. २४.०४ मध्ये त्या नावाला ‘टी६४’ अशी शेपटी लागलेली दिसेल, तेच पॅकेज घ्या. ३२ बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहणार आहे, त्याच्या तयारीत बऱ्याच लायब्ररींची (प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक फाइलींची) नावं अशी बदलली.

मात्र नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका. ते तिसऱ्या आवृत्तीला हुसकावतं आणि तिच्यावर अवलंबून असलेली डेस्कटॉपची पॅकेजेसही काढून टाकू शकतं. मग खरंच फॉरमॅटची वेळ यायची. काहीही इन्स्टॉल करताना ‘ही पॅकेजेस काढली जातील’ ही यादी आधी वाचा, मग हो म्हणा.

अहवाल आज रात्रीच छपाईला जायचा असेल तर टर्मिनलमध्ये फाइलच्या नावानंतर जागा सोडून, दोन डॅश देऊन ‘ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ हा पर्याय इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. प्रोग्राम फ्यूजशिवाय उघडेल, फक्त सुरू व्हायला वेळ लागेल.

टर्मिनलच्या ओळीत ‘सँडबॉक्स’ (प्रोग्रामला बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवणारं कुंपण) दिसलं तर दुखणं वेगळं. २४.०४ मध्ये ॲपआर्मर, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला काय करू द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी, कडक झालंय आणि इलेक्ट्रॉनवर (ब्राउझरच्या तंत्रावर प्रोग्राम बनवायचा सांगाडा) बांधलेले प्रोग्राम त्यात अडकतात. नेटवर सगळे ‘सँडबॉक्स बंद करा’ सांगतात. एका रात्रीपुरतं ठीक, पण ज्यात बाहेरच्या फाइली आणि लिंका उघडता तो प्रोग्राम कायम तसा चालवू नये. त्याच्यापुरता ॲपआर्मरचा प्रोफाइल (परवानग्यांची फाइल) लिहून घेणं बरं.

यातलं काहीच नसेल तर संगणकावर एक नवीन यूजर बनवून त्यात चालवून बघा. तिथे चाललं तर सिस्टम ठीक आहे, तुमच्या जुन्या सेटिंगची गडबड आहे. तुमच्या जुन्या यूजरच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फोल्डरांत त्या प्रोग्रामचं फोल्डर असेल, त्याचं नाव बदला. पुसू नका, तुमचे ब्रश आणि टेम्प्लेट त्यातच असतात.

अडलात तर टर्मिनलच्या ओळी कॉपी करून इथे टाका. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेमकी हवी ती ओळ कापलेली असते.