कंपनीत किंवा वर्गात सॉक्रेटिसच्या पद्धतीचा संवाद घेऊन खरंच काही हाती लागतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या एचआरने दर महिन्याला असा संवाद ठेवायचं ठरवलंय, बायकोच्या शाळेतही हेच सुरू झालंय, आणि 'यातून निघतं काय?' असं विचारलंय. हे 'निघतं काय' मी अकरा वर्षांपूर्वी तोंडावर ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

भोसरीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला होते. एक लॉट ग्राहकाकडून परत आला, बोअर, म्हणजे नगातली भोकं, मोठी झालेली. बोअर लहान असेल तर पुन्हा मशीनवर घेता येतं, मोठं झालं की नग भंगारात. कागदावर मात्र सगळं ओके, सह्या जागच्या जागी. मूळ कारण शोधायला एकामागून एक विचारायचे ते नेहमीचे पाच 'का' विचारून झाले आणि कारवाईच्या रकान्यात 'ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण' असं लिहिलं. त्या वर्षातलं हे तिसरं पुन्हा प्रशिक्षण होतं. मला ते पटेना.

असा संवाद घ्यायला मी एक शनिवार मागून घेतला. बारा माणसं, चार तास, कँटीनच्या वरची खोली. पद्धत नेल्सन-हेकमान यांची. जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांनी १९२२ साली ग्योटिंगेनच्या व्याख्यानात ती मांडली, आणि त्यांचे विद्यार्थी गुस्टाव हेकमान यांनी ती गटात चालवण्याची रीत बसवली. पुस्तकातलं, थोरामोठ्यांचं काही आणायचं नाही. प्रत्येकाने स्वतःवर आलेला प्रसंग सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यातला एकच निवडायचा. समोरच्याचं कळलं नाही तर तिथेच थांबवायचं. चालवणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. फळ्यावर प्रश्न लिहिला: माहीत असून गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का?

आमच्या लाइनवरचे एक जुने इन्स्पेक्टर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचा प्रसंग निवडला गेला. तो दुसऱ्या कंपनीतला आहे, असं ते म्हणाले. खोलीतल्या कुणी त्यावर काही विचारलं नाही. तिसरी पाळी, पहाटेचे चार. बोअर तपासायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जाताच कामा नये, ती दोन नगांत गेली. "खुळखुळत गेली, मॅडम." सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, गाडी उभी आहे. मामांनी सही केली.

एक ट्रेनी पोरगा म्हणाला, "पण मामा, तुम्ही सांगितलं होतंत ना? मग गप्प कुठे बसलात?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि चालवणाऱ्याला त्या खोलीत यापेक्षा अवघड काम नसतं. मग ते म्हणाले, "सांगितलं एकाला. सही केली ती सगळ्यांसाठी."

पुढचा तासभर त्या एका वाक्यावर गेला. सही म्हणजे बोलणं का? तोंडी खरं आणि कागदावर खोटं सांगितलं तर माणूस नक्की काय बोलला? ज्याला ते वाचायचंय तो समोरच नसतो, म्हणून ते सोपं जातं का? बारावी नापास माणसं हे बोलत होती, आणि कुणीही कुणाला हरवायला निघालं नव्हतं. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व शोधायचा तो वाद, जिंकायचा तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. पुण्यात जल्पाला बक्षिसं मिळतात. वादविवाद स्पर्धा गाजवणाऱ्या मुलांना हा संवाद सगळ्यात जड जातो, हे मी पुढे शाळांमध्ये पाहिलं.

तेवढ्यात प्लँटचे साहेब आत आले, पाच मिनिटं बसले आणि म्हणाले, "मग चूक कुणाची? अ‍ॅक्शन पॉइंट काय?" खोली बंद झाली. मामांनी टोपी उचलली. सोमवारी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, बारा माणसं गुणिले चार तास, ४८ तास झाले, आउटपुट दाखवा. मला काही दाखवता आलं नाही.

पंधरा दिवसांनी तिसऱ्या पाळीत त्याच ट्रेनी पोराने सहीच्या जागी लिहिलं: 'नो-गो आत जातो, सुपरवायझरला सांगितलं, ३.४०.' लॉट थांबला. मी तो कागद साहेबांना दाखवला. ते म्हणाले, हे प्रशिक्षणानेही झालं असतं. नसतं झालं! तीनदा झालं होतं प्रशिक्षण. गेज कसा लावायचा हे त्या पोराला आधीपासून येत होतं. सहीचा अर्थ काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून ते कळणारही नव्हतं.

शाळेचं थोडक्यात सांगते. मुलांसाठी हे काम १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी उभं केलं: गोष्ट वाचायची, मुलांचेच प्रश्न फळ्यावर घ्यायचे, एक निवडून त्यावर बोलायचं. बायकोला सांगा, प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेला वर्गांमध्ये दिसलं की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. वर्ग साठचा असेल तर बारा मुलं आतल्या गोलात, बाकीची बाहेर वही घेऊन ऐकायला. आणि याला मार्क देऊ नका.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एखाद्या प्रकरणाची खातेनिहाय चौकशी चालू असेल तर त्यावर संवाद अजिबात घेऊ नका. माणूस विश्वासाने बोलतो आणि ते त्याच्यावर उलटतं. आणि दर वेळी लॉट थांबत नाही. पुढे मी घेतलेल्या कितीतरी संवादांतून बोट ठेवून दाखवावं असं काही निघालं नाही, तरी ते घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही.

तुमच्या एचआरला एक विचारून घ्या: साहेब खोलीत असणार का? असणार असतील तर त्यांनाही स्वतःचा एक प्रसंग सांगावा लागेल, आणि तो त्यांनी स्वतः सही केल्याचा हवा.